वेढे किती हे शेवटी ठरतं: पीआय डिटेक्टरची कॉइल घरी गुंडाळताना

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. रत्नागिरीकडच्या एका खाचरात लावणीच्या वेळी प्रश्नकर्त्याच्या काकूंचं मंगळसूत्र पडलं. आता कापणी झाली आहे आणि नांगरट व्हायच्या आत ते शोधायचं आहे. त्यासाठी त्यांनी पल्स इंडक्शनचा, म्हणजे पीआयचा (कॉइलमध्ये करंटचे छोटे झटके सोडून धातू शोधण्याच्या पद्धतीचा), तयार बोर्ड आणून मेटल डिटेक्टर जोडला. कॉइल स्वतः केली: व्यास २६ सेंटिमीटर, २४ गेजच्या इनॅमल तारेचे ३० वेढे एकत्र जुडी करून बांधलेले, त्यावर टेप, टेपवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, आणि बोर्डापर्यंत दीड मीटर टीव्हीची केबल. पाच रुपयांचं नाणं पंधरा-वीस सेंटिमीटरवरून कळतं, पण सोन्याचं कानातलं कॉइलला टेकवलं तरी आवाज येत नाही. उलट सकाळच्या दवाने ओल्या गवताला कॉइल लागली की डिटेक्टर ओरडतो. त्यांनी विचारलं आहे की वेढे ४० करू का ५०, तार आणखी जाड घेऊ का, आणि पुढे जमिनीतला जीआय पाइप शोधायला एक मीटरची कॉइल कशी करावी.

तुम्ही वेढे विचारलेत, पण तुमची अडचण वेढ्यांची नाही. वेढे वाढवलेत तर ती आणखी वाढेल. नाणं सापडतंय, म्हणजे बोर्ड, बॅटरी, स्पीकर सगळं ठीक आहे. कानातलं सापडत नाही, कारण पल्स संपल्यावर तुमची कॉइल फार उशिरा शांत होते, आणि तोवर सोन्याच्या बारीक तुकड्याचा सिग्नल येऊन संपलेला असतो. कॉइल लवकर शांत होईल अशी करणं, एवढंच खरं काम आहे. तार, आकार, शील्ड (कॉइलवरचं वाहक आवरण), केबल, डॅम्पिंग (कॉइलची कंपनं मारणं) हे सगळे निर्णय त्यातूनच निघतात.

आत काय होतं ते आधी पाहू. बोर्ड कॉइलमधून शंभर-दोनशे मायक्रोसेकंद करंट सोडतो आणि मग मॉसफेट, म्हणजे तो करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, एकदम बंद करतो. करंट एकाएकी तुटल्यामुळे कॉइलच्या टोकांवर काही शे व्होल्टचा झटका उठतो. मॉसफेट आयआरएफ७४० असेल तर तो ४०० व्होल्टच्या आसपास अडवला जातो. (चालू डिटेक्टरच्या कॉइलची उघडी टोकं हाताने धरू नका, सणसणीत शॉक बसतो.) चुंबकी क्षेत्र कोसळताना जवळच्या धातूत एडी करंट, म्हणजे धातूच्या आतल्या आत भोवऱ्यासारखे फिरणारे करंट, फिरू लागतात आणि ते विझता विझता त्याच कॉइलमध्ये बारीकसा सिग्नल उमटवतात. तो असतो मायक्रोव्होल्टमध्ये. म्हणजे ज्या टोकांवर आत्ता ४०० व्होल्ट होते, तिथेच दहा मायक्रोसेकंदांनी आपल्याला मायक्रोव्होल्ट मोजायचे आहेत. कॉइलमध्ये झटक्याची थोडीशी जरी कंपनं उरली असली तरी ती त्या सिग्नलच्या हजारो पट मोठी असतात. म्हणून बोर्डावर ‘डिले’ असतो: कॉइल शांत होईपर्यंत थांबायचं आणि मगच मोजायचं.

आता सोन्याकडे येऊ. प्रत्येक वस्तूतले एडी करंट आपापल्या वेगाने विझतात. जाड, मोठ्या आणि उत्तम वाहक वस्तूत ते शंभर मायक्रोसेकंदही टिकतात. पातळ किंवा बारीक वस्तूत काही मायक्रोसेकंदांतच संपतात. शुद्ध सोनं चांगलं वाहक आहे, पण दागिन्यात तांबं-चांदी मिसळलेली असते आणि मिश्रणाने वाहकता बरीच उतरते. मंगळसूत्र तर शोधायला फारच अवघड. काळे मणी काचेचे, ते डिटेक्टरला दिसतच नाहीत. तारेच्या कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, त्यामुळे सबंध माळेतून मोठा करंट फिरत नाही. प्रत्येक कडी ही सुटी, इवलीशी वस्तू म्हणूनच वागते. सगळी आशा दोन वाट्यांवर. वाटीचा पत्रा पातळ असला तरी तो अखंड आणि सेंटिमीटरभर रुंद असतो, म्हणून त्यात करंटला फिरायला जागा मिळते. तुम्ही दोन वाट्या शोधताय असं समजूनच कॉइल करा.

अशा वाटीतला करंट दर ४ मायक्रोसेकंदांनी एक-तृतीयांशाच्या थोडा वर उरतो असं धरा. मग डिले २० मायक्रोसेकंदांवरून १० वर आणला तर तिचा सिग्नल जवळपास बारा पट मोठा मिळतो. ॲम्प्लिफायर बदलून किंवा बॅटरी वाढवून बारा पट कधी मिळणार नाहीत. नाण्यातला करंट जास्त वेळ टिकतो, त्यामुळे त्याला या दहा मायक्रोसेकंदांचा फारसा फरक पडत नाही. तुमचं नाणं सापडतं आणि कानातलं नाही, त्याचं कारण हेच.

तुमच्या आत्ताच्या कॉइलचा हिशोब करू. इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइल किती विरोध करते त्याचं माप) वेढ्यांच्या संख्येच्या वर्गाने वाढतो. २६ सेंटिमीटर व्यासाच्या घट्ट जुडीत ३० वेढे म्हणजे साधारण ६०० मायक्रोहेन्री. कपॅसिटन्स (जवळजवळच्या वाहकांमध्ये विद्युतभार किती साठतो त्याचं माप) येतो जुडीतून, टेपला चिकटलेल्या फॉइलमधून, केबलमधून आणि मॉसफेटमधून. सगळा मिळून तो १००० पिकोफॅरडच्या घरात असावा. डॅम्पिंग अचूक असलं तरी अशी कॉइल ज्या गतीने शांत होते ती या दोन आकड्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरते, आणि इथे ते येतं ०.७७ मायक्रोसेकंद. तेवढ्या प्रत्येक टप्प्यात व्होल्टेज एक-तृतीयांशाच्या थोडं वर उरतं. ४०० व्होल्टवरून १० मायक्रोव्होल्टपर्यंत उतरायला असे सतरा-अठरा टप्पे लागतात, म्हणजे १३ मायक्रोसेकंदांहून जास्त. त्याआधी करंट शून्यावर यायलाही वेळ जातो: ३ अँपिअर धरले तर ६०० मायक्रोहेन्रीला ४.५ मायक्रोसेकंद. बेरीज १८. वर ॲम्प्लिफायरला सावरायला थोडा वेळ द्यावा लागतो. त्यामुळे तुमचा डिले वीसच्या खाली उतरणं शक्यच नाही.

हाच हिशोब ३०० मायक्रोहेन्री आणि एकूण ४०० पिकोफॅरडला करा. एक टप्पा ०.३५ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सगळे मिळून सहाच्या आसपास, वर करंट शून्यावर यायला सव्वादोन. आठ-साडेआठ मायक्रोसेकंदांत कॉइल शांत, आणि डिले दहा-बारावर आणता येतो.

‘पण वेढे कमी केले तर क्षेत्र कमी नाही का होणार?’ ही शंका योग्य आहे आणि जवळपास प्रत्येकाला येते. बॅटरी आणि पल्सची लांबी तीच ठेवली तर कॉइलमध्ये करंट किती चढेल हे इंडक्टन्सवर ठरतं. वेढे दुप्पट केले की इंडक्टन्स चौपट होतो, त्यामुळे करंट चौथा हिस्सा चढतो. क्षेत्र करंट आणि वेढ्यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं, म्हणून ते निम्मं होतं. परतीचा सिग्नल पकडताना जास्त वेढे दुप्पट देतात, म्हणून शेवटी हिशोब बरोबरीत सुटतो. मिळालं काहीच नाही, आणि कॉइल संथ झाली ती वेगळीच. म्हणून मी आधी इंडक्टन्स ठरवतो. साध्या बोर्डांसाठी ३०० मायक्रोहेन्री हा माझा नेहमीचा आकडा. नंतर व्यास, मग आकार, आणि या तिघांतून वेढे आपोआप निघतात.

व्यास तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. लावणीच्या चिखलात पडलेली वस्तू पायाने दबून फार तर वीतभर खाली गेलेली असते. लहान वस्तू थोड्या खोलीवर असेल तर लहान कॉइलच बरी. ती एका वेळी थोडीच जमीन पाहते, आणि कोकणात हे महत्त्वाचं आहे. जांभ्याच्या तांबड्या मातीत लोहाचे अतिसूक्ष्म कण असतात, ते पल्सने चुंबकित होतात आणि मग हळूहळू सुटतात. त्यांचा सिग्नल वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, त्यामुळे डिले जितका कमी तितकी माती जास्त ऐकू येते. कॉइल कितीही वेगवान केली तरी तुमच्या खाचरात डिले ८ वर आणून उपयोग होईलच असं सांगता येत नाही. माती फार बोलत असेल तर १२ किंवा १४ वर यावं लागेल. हे तिथे जाऊनच ठरेल. माझा सल्ला २० सेंटिमीटर व्यासाचा. वाळू किंवा पांढरट माती असती तर २६ चालली असती.

आता आकार. जुडीत तार कुठेही कशीही बसते. पहिला वेढा तिसाव्याला खेटून बसला तर त्या दोघांत पूर्ण ४०० व्होल्टचा फरक असतो, आणि शेजारच्या दोन वेढ्यांमधला कपॅसिटन्स किती त्रास देईल हे त्यांच्यातल्या व्होल्टेज-फरकाच्या वर्गावर ठरतं. सपाट चक्रीत, म्हणजे उदबत्तीच्या कॉइलसारख्या एकाच थरातल्या रचनेत, प्रत्येक वेढ्याला शेजारी फक्त आधीचा आणि नंतरचा. तेहेतीस वेढे असतील तर शेजाऱ्यांमधला फरक बारा व्होल्टच. म्हणूनच सपाट चक्रीचा कपॅसिटन्स त्याच तारेच्या जुडीपेक्षा बराच कमी येतो. विषम संख्येच्या खाचा असलेल्या चकतीवर आत-बाहेर विणलेली स्पायडर कॉइल याहूनही चांगली, पण विणायला वेळ लागतो. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी सपाट चक्रीच सांगतो.

इथे वेढ्यांचा प्रश्न कसा निकालात निघतो ते बघा. २० सेंटिमीटर व्यासाची जुडी केली तर ३०० मायक्रोहेन्रीला साधारण २६ वेढे लागतात. बाहेरून तेवढ्याच व्यासाची, एक मिलिमीटर अंतराने घातलेली सपाट चक्री केली तर ३३. व्यास तोच, इंडक्टन्स तोच, वेढे सात जास्त, कारण चक्रीचे आतले वेढे लहान असतात.

तारेबद्दल. जाड तार घेऊ नका. एकसंध तांब्याच्या तारेत स्वतःतच एडी करंट फिरतात, आणि त्यांचा विझण्याचा काळ तारेच्या व्यासाच्या वर्गाने वाढतो. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेत तो मायक्रोसेकंदाच्याही आत असतो, पण एक मिलिमीटरच्या तारेत चौपट होतो. मग कॉइल स्वतःलाच धातू म्हणून पकडू लागते. रेझिस्टन्स दीड-दोन ओहम चालतो, तो आणखी कमी करायच्या मागे लागू नका.

रिवाइंडिंगवाल्याकडची इनॅमल तार वाईट नसते, पण इनॅमलचा थर इतका पातळ असतो की शेजारचे वेढे जवळजवळ चिकटतात आणि कपॅसिटन्स वाढतो. आपल्याला तांब्यावर जरा जाड आणि चांगलं इन्सुलेशन हवं. टेफ्लॉनची बारीक बहुतंतू तार उत्तम, पण महाग. मी स्वस्तात लॅनची कॅट-५ केबल वापरतो. आत अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या आठ तारा असतात, प्रत्येकीवर पॉलिइथिलीन, बाहेरचा व्यास एक मिलिमीटरच्या जरा आत. पॉलिइथिलीन या कामाला पीव्हीसीपेक्षा कितीतरी सरस. वीस मीटर घ्या, वरचं आवरण फाडा, एक जोडी सोडवून त्यातली एकच तार सरळ करा. जोड नसलेली अठरा मीटर तार पुरते.

घेताना एक खबरदारी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबली सर्रास मिळतात. टोक ब्लेडने खरवडा, पांढरं दिसलं तर ती नको. लोहचुंबकही लावून पाहा, चिकटली तर आत लोखंड आहे. अठरा मीटर खऱ्या तांब्याचा रेझिस्टन्स दीड ओहमच्या आसपास येतो, अडीचजवळ आला तर तांबं नाही. आणखी एक सोपा वाटणारा मार्ग आहे: अख्खी लॅन केबल चार-पाच वेळा गोल फिरवायची आणि आठही तारा एकापुढे एक जोडायच्या. इंडक्टन्स बरोबर येतो, पण जोडीतल्या दोन तारांमध्ये मोठा व्होल्टेज-फरक राहतो आणि कॅपॅसिटर केल्यासारखीच कॉइल होते. सोन्यासाठी तो मार्ग सोडा.

बांधणी अशी करा. तीन मिलिमीटरच्या सनबोर्डची २२ सेंटिमीटरची गोल चकती कापा, त्यावर १३.४ सेंटिमीटर आणि २० सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळं काढा, मधल्या पट्ट्यात दुहेरी चिकटपट्टी लावा. आतल्या वर्तुळापासून तार चिकटवत बाहेर या, प्रत्येक वेढा आधीच्याला अलगद टेकलेला. आतलं टोक बाहेर काढताना ते सगळ्या वेढ्यांवरून आडवं जातं, आणि तिथे पूर्ण व्होल्टेज असतं. म्हणून त्याला चकतीच्या मागच्या बाजूने न्या, वर रिवाइंडिंगवाल्याकडचं फायबरग्लासचं स्लीव्ह चढवा. हे राहून गेलं तर आत बारीक ठिणगी पडते आणि डिटेक्टर मधूनच कारण नसताना टिकटिकतो. मग वरून इपॉक्सीचा पातळ हात फिरवा, जेणेकरून एकही वेढा हलणार नाही. वेढा हलला की सिग्नल हलतो. पॉलिएस्टर रेझिन टाळा, सुकताना ते आकसतं आणि कॉइल ओढली जाते.

कॉइलच्या आसपास धातू नको हे सगळ्यांना माहीत असतं, तरी तो शिरतोच. सोल्डरचा मोठा गोळा, स्क्रू टर्मिनल, दांड्याचा नट-बोल्ट, या सगळ्यांचा सिग्नल बोर्डाला दिसतो. सोल्डर चिमटीभर, बोल्ट नायलॉनचे, दांडा यूपीव्हीसी पाइपचा किंवा बांबूचा, आणि कनेक्टर वर बोर्डाजवळ.

शील्डचा भाग नीट वाचा, कारण तुमच्या ओल्या गवताचं उत्तर इथे आहे. ओलं गवत किंवा हात कॉइलजवळ आला की तिचा कपॅसिटन्स बदलतो, आणि तो बदल बोर्डाला धातूसारखा भासतो. शील्ड हा बदल अडवतं. पण ते बोर्डाला जोडलेलं असलं तरच, आणि तुमची फॉइल कुठेच जोडलेली नाही असं वर्णनावरून दिसतं. शिवाय ॲल्युमिनियम फॉइल स्वतःच धातूचा पत्रा आहे, तिच्यातही एडी करंट फिरतात. पीआयला असं शील्ड हवं की जे विद्युत क्षेत्र अडवेल, पण ज्यात करंट फिरायला फारशी मुभा नसेल. यासाठी ग्रॅफाइटचा रंग सर्वात चांगला. कुलपात घालायची ग्रॅफाइट पावडर लाकडाच्या पारदर्शक लॅकरमध्ये दाट कालवा, दोन-तीन हात द्या, वाळल्यावर मीटर लावा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काही शे ओहम ते दोन-तीन किलोओहम आले की पुरे.

हा रंग वेढ्यांवर थेट लावू नका, नाहीतर कमी केलेला कपॅसिटन्स परत वाढेल. कॉइलच्या दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटरचा फोम ठेवा आणि त्याच्या बाहेरच्या पृष्ठावर रंग लावा. पूर्ण गोल बंद करू नका, एके ठिकाणी बोटभर फट सोडा, म्हणजे शील्डची बंद कडी होणार नाही. एक बारीक उघडी तार रंगात चिकटवून बाहेर आणा, पण तीही गोल फिरवू नका. ती जोडायची कॉइलच्या स्थिर टोकाला. मॉसफेटला थेट जोडलेलं टोक पल्सबरोबर उसळतं, दुसरं स्थिर असतं. बऱ्याच बोर्डांवर स्थिर टोक बॅटरीच्या प्लसला असतं, म्हणून अंदाजाने मायनसला जोडू नका, मीटरने तपासा. चक्रीचं बाहेरचं टोक स्थिर बाजूला ठेवा, कारण गवताला आधी तीच कड लागते.

शील्ड चिकटवण्याआधीची एक परीक्षा कधीच चुकवू नका. रंगवलेला तुकडा चालू, उघड्या कॉइलसमोर धरा. आवाज आला तर ते शील्ड चालणार नाही. तुमची फॉइलही अशीच धरून बघा, लगेच कळेल.

केबलचं आता पटकन सांगतो. टीव्हीच्या केबलमध्ये मधली तार बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद असते, ती कडक असते आणि कॉइलजवळ लोखंड नेते. ती काढा. लवचिक दोन तारांची, शील्डसाठी तिसरी सोबत असलेली केबल घ्या आणि लांबी लागेल तेवढीच, एक मीटरच्या आसपास ठेवा. कोॲक्सिअल केबलचा कपॅसिटन्स प्रकारानुसार मीटरला ५० ते १०० पिकोफॅरड असतो. अख्ख्या कॉइलचा जेवढा वाचवला तेवढा इथे घालवायला नको.

डॅम्पिंग शेवटी, आणि कॉइल-केबल-शील्ड सगळं कायमचं जोडून झाल्यावरच. कॉइलच्या समांतर जो रेझिस्टर असतो तो तिची कंपनं मारतो. तो फार मोठा असेल तर कॉइल कंप पावत राहते, फार लहान असेल तर रेंगाळत उतरते. नेमका आकडा इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्सच्या वर्गमुळाच्या निम्मा. ३०० मायक्रोहेन्री आणि ४०० पिकोफॅरडला तो ४३३ ओहम येतो. पण बहुतेक साध्या बोर्डांवर ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी एक किलोओहमचा रेझिस्टर आणि दोन उलटसुलट डायोड असतात. व्होल्टेज जास्त असताना डायोड चालू असतात आणि तो एक किलोओहमही कॉइलच्या समांतर येतो. तेवढा धरला तर बाहेरचा रेझिस्टर ७६४ हवा. व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या खाली गेलं की डायोड बंद होतात आणि पुन्हा ४३३ बरोबर ठरतो. खरं उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी असतं, आणि ते गणिताने न काढता फिरवून काढावं लागतं. बोर्डावरचा रेझिस्टर काढा, ३३० ओहम आणि एक किलोओहमचा कार्बनचा पॉट (फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर) एकापुढे एक लावा. वायरवाउंड नको, कारण तो स्वतःच कॉइल असतो. ऑसिलोस्कोप असेल तर ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर बघा: तो लवकरात लवकर जागेवर यावा, पण पलीकडे उडी मारू नये. स्कोप नसेल तर डिले शक्य तितका कमी करा आणि पॉट फिरवत परीक्षेची वस्तू सर्वात दूरवरून जिथे कळते तिथे थांबा. मग ३३० ओहम आणि पॉट दोन्ही मिळून मोजा आणि तेवढीच बेरीज येईल असे मेटल फिल्म रेझिस्टर लावा, दोन वॉटचे, आणि झटक्याचं व्होल्टेज वाटलं जावं म्हणून एकाऐवजी दोन एकापुढे एक.

परीक्षेसाठी नाणं वापरू नका. आत्ताची एक आणि दोन रुपयांची नाणी लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची आहेत, ती कुठल्याही कॉइलला कळतात. घरात कोणाच्या मंगळसूत्राची वाटी मिळाली तर तीच घ्या. नसेल तर गोळ्यांच्या पाकिटाच्या ॲल्युमिनियम फॉइलची दोन-तीन पदरी घडी करून सेंटिमीटरभर गोल कापा. ही पातळ फॉइल वाटीपेक्षा अवघड परीक्षा आहे. ती जवळून का होईना कळू लागली की वाटीची चिंता उरत नाही.

एक मीटरच्या कॉइलबद्दल थोडंच, कारण ते काम सोपं आहे. पाइप मोठा असतो, त्याचा सिग्नल बराच वेळ टिकतो, डिले तीस-चाळीस ठेवला तरी चालतो. त्यामुळे तिथे कपॅसिटन्सची एवढी काळजी लागत नाही. यूपीव्हीसी पाइपच्या एक मीटर चौकटीवर दहा वेढे, वेढ्यांत थोडं अंतर, की पुन्हा ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास याल आणि तोच बोर्ड चालेल. मोजून एखादा वेढा कमी-जास्त करा. ही कॉइल बारीक दागिन्याला मात्र आंधळी असते. आणि मोठी कॉइल हातात आली की लोकांना गडकिल्ले आठवतात, म्हणून स्पष्ट सांगतो: संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीशिवाय खणायला १९५८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

खाचरात उतराल तेव्हा दव वाळल्यावर जा. धसकटं आधी जमिनीसरशी कापून घ्या, कारण कॉइल जमिनीपासून एकाच उंचीवर, दोन-तीन सेंटिमीटरवर, फिरली पाहिजे. ती वर-खाली झाली की तांबडी माती स्वतःच सिग्नल देते. दोन दोऱ्या हातभर अंतरावर ताणा आणि तेवढा पट्टा संपवूनच पुढे जा. लहान कॉइल ज्या खोलीवर वाटी पकडते तिथे तिचा पट्टा कॉइलपेक्षाही अरुंद असतो, म्हणून प्रत्येक फेरीत मागच्या फेरीचा निम्मा भाग परत घ्या. लावणीच्या वेळी काकू कुठल्या कोपऱ्यात होत्या हे त्यांना विचारून तिथूनच सुरुवात करा. पीआय लोखंड वेगळं ओळखत नाही, त्यामुळे खिळे आणि तारांचे तुकडे निघतील. प्रत्येक सिग्नल उकरून बघावाच लागतो. खुरपं मात्र जपून चालवा, वाटीचा पत्रा सहज चेमटतो.

तुमच्या बोर्डावर ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी किती ओहमचा रेझिस्टर आहे आणि मॉसफेटचा नंबर काय आहे ते कळवा. पल्सची लांबी बदलता येत असेल तर तेही सांगा. त्यावरून डॅम्पिंगचा आकडा आणि डिले किती खाली उतरेल हे बरंच नेमकं सांगता येईल.